अमेरिकेतल्या ट्रक रेसमध्ये गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात, त्यात बघण्यासारखं काय असतं?

तुम्ही विचारलंय की घाण्याच्या बैलासारखे तेच ते गोल फिरणारे ट्रक लोक पैसे देऊन का बघतात. खरं सांगू, मलाही हेच वाटायचं. नॉर्थ कॅरोलिनात राहायला आल्यावर ऑफिसातल्या एकाने एप्रिलमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी ओढून नेलं, व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिल स्पीडवेला, तेव्हापासून मत बदललं.

आधी एक गोंधळ मिटवतो. ट्रक म्हणजे आपला हायवेवरचा दहा चाकी नाही. टाटाने 2014 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भरवली होती ती खऱ्या अवजड ट्रकची रेस, ही वेगळी. इथे ट्रक म्हणजे पिकअप, म्हणजे सिल्व्हराडो, एफ-150, टुंड्रा वगैरे, आणि तेही नावापुरतेच, कारण हेडलाइटच्या जागी चक्क स्टिकर असतं आणि दार उघडतच नाही, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. नॅसकार म्हणजे अमेरिकेत अशा रेस भरवणारी संस्था, तिने ही सिरीज 1995 मध्ये सुरू केली, पहिली रेस फिनिक्सला झाली आणि माइक स्किनर जिंकला. तेव्हा बऱ्याच छोट्या ट्रॅकवर धड पिटची, म्हणजे टायर बदलायची आणि इंधन भरायची, सोय नव्हती म्हणून मध्ये दहा मिनिटांचा हाफटाइम असायचा, कबड्डीसारखा!

आता मार्टिन्सव्हिल. ट्रॅक 1947 चा, आकार पेपरक्लिपसारखा, म्हणजे दोन लांब सरळ बाजू आणि दोन टोकांना एकदम आवळलेली वळणं. एक लॅप, म्हणजे एक फेरी, जेमतेम साडेआठशे मीटरचा, वीसेक सेकंदांत संपतो. अशा 200 लॅप. आता हिशोब करा, प्रत्येक लॅपला दोनदा दाबून ब्रेक, म्हणजे रेसभरात चारशे वेळा, आणि गाडी दीड टनाची. अंधार पडला की वळणावर चाकांच्या आत ब्रेकच्या डिस्क लालभडक दिसतात, लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारख्या. ज्याने सुरुवातीलाच ब्रेक जाळले तो शेवटच्या वीस लॅपला बसला बोंबलत.

गंमत म्हणजे इथे आतली लाइन सोन्याची. बाहेरच्या लाइनीत अडकलात की आतून एकामागून एक सगळे निघून जातात आणि तुम्हाला कोणी आत घुसू देत नाही. मग पुढच्याच्या मागच्या बंपरला हलकीच टक्कर द्यायची, तो जरासा बाहेर सरकला की आतून सटकायचं, याला बंप अँड रन म्हणतात. जोरात दिली तर तो भिंतीत जातो, यलो फ्लॅग पडतो, म्हणजे सगळ्यांना वेग कमी करावा लागतो, आणि पुढच्या वेळी तो तुमचा हिशोब चुकता करतोच. भांडणं पण जाम होतात. छोट्या ट्रॅकवर 16 वर्षांची पोरंही चालवू शकतात, त्यामुळे रक्त गरम असतंच, पण म्हाताऱ्यांनाही कमी समजू नका, रॉन हॉर्नडे याच सिरीजमध्ये चौथ्यांदा चॅम्पियन झाला तेव्हा 51 वर्षांचा होता.

माझी चूक सांगतो. आम्ही हौसेने अगदी खालच्या ओळीत बसलो. इथे घरचं खायला आत नेऊ देतात म्हणून बायकोने पोह्यांचा चिवडा दिला होता, दहाव्या-बाराव्या लॅपनंतर खाताना दाताखाली काहीतरी रबरी आलं, बघतो तर चिवड्यात काळे काळे बारीक तुकडे. टायर झिजून त्याचा चुरा बाहेरच्या बाजूला उडतो, तो थेट आमच्या डब्यात! शिवाय खालून समोरची अर्धी रेस दिसतच नाही. त्यामुळे वरचं तिकीट काढा.

आणि भाड्याने स्कॅनर मिळतो, ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं बोलणं ऐकायचा रेडिओ, तो घ्याच. तीस-पस्तीस ट्रक एकदम बघायला गेलं तर डोकं गरगरतं, एकच ट्रक धरा, दहाव्या-पंधराव्या नंबरवरचा, आणि त्याचा रेडिओ ऐका. वर स्टँडच्या छपरावर त्याचा स्पॉटर, म्हणजे त्याच्यासाठी वरून नजर ठेवणारा माणूस, उभा असतो, तो सारखा "इनसाइड, इनसाइड, स्टिल देअर... क्लिअर" असं सांगत राहतो, कारण ड्रायव्हरला शेजारचा नीट दिसतच नाही. तो क्लिअर शब्द ऐकला की आपणच सुटल्यासारखं वाटतं.

हो, आणि मार्टिन्सव्हिलला जिंकणाऱ्याला कप नाही, माणसापेक्षा उंच लाकडी घड्याळ देतात, कारण त्या भागात फर्निचरचे कारखाने होते. कानात घालायला इअरप्लग आणि एक जाड जॅकेट न्या, एप्रिलमध्येही रात्री तिथे कुडकुडायला होतं.