वाचकांचे प्रश्न : वाइड रिसीव्हरची निम्मी कमाई पायांची

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलचे सामने मी मोबाइलवर बघते. कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर पळतो आणि चेंडू झेलतो, एवढंच दिसतं. त्यात अवघड काय? – एक वाचक, मिरज

उत्तर : झेल हे त्याच्या कामाचं शेवटचं टोक. त्याआधी अंगाला चिकटलेल्या बचावपटूपासून त्याला सुटावं लागतं, तेही ठरलेल्या क्षणी. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, त्यासाठी जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. पुष्कळदा रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू हवेत असतो, कारण तो माणसाकडे नव्हे, जागेकडे फेकलेला असतो. तिथे पोचायला पाऊलभर उशीर झाला, तर चेंडू समोरच्या संघाच्या हातात.

म्हणून धावण्याच्या वाटा, म्हणजे रूट, आखलेल्या असतात. रूढ पद्धतीत त्यांना आकडे असतात : विषम आकड्यांच्या वाटा कडेच्या रेषेकडे वळतात, सम आकड्यांच्या मैदानाच्या आत. २ म्हणजे स्लँट. तीन पावलं सरळ आणि मग तिरकं आत. ४ म्हणजे कर्ल. दहा-बारा यार्ड जाऊन गर्रकन क्वार्टरबॅककडे तोंड. ९ मात्र नाकासमोर सरळ. या सगळ्या वाटांची सुरुवात सारखीच दिसली पाहिजे, हेच खरं कसब. कबड्डीतली हूल तुमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. चढाईपटूचे खांदे बोनसकडे झुकतात आणि पाय भलतीकडेच जातो. रिसीव्हर हेच पूर्ण वेगात करतो. वळणाआधी त्याची छाती मागे गेली किंवा पावलं बारीक पडू लागली, की बचावपटूला वळण आधीच कळतं.

प्रश्न : वय १७. खो-खो खेळतो, शंभर मीटरही चांगलं पळतो. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये रिसीव्हर होता येईल का? सराव कसा करू? – एक खेळाडू, कराड

उत्तर : आधी खरं ते सांगतो. एनएफएलचे संघ ३२, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, फेऱ्या ७, आणि निवडले जाणारे जवळजवळ सगळे अमेरिकी कॉलेजांतून चार वर्षांच्या आसपास खेळून आलेले. मॉरित्झ बोरिंगर हा जर्मन रिसीव्हर २०१६ मध्ये युरोपातून थेट ड्राफ्ट झाला, सहाव्या फेरीत. पण नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१७ पासून परदेशी खेळाडूंसाठी लीगचा वेगळा उपक्रम आहे, तरी त्याच्या भरवशावर शिक्षण सोडू नकोस.

तुझ्यासाठी जवळची वाट फ्लॅग फुटबॉलची. पाच-पाच खेळाडू, धक्काबुक्की नाही, चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की ती चाल तिथेच संपते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे, पुरुष आणि महिला दोघांसाठी. खो-खोतल्या रनरची चपळाई इथे थेट उपयोगी पडते.

सरावासाठी फक्कीने सरळ ३६.६ मीटरची रेघ आख. हे झाले ४० यार्ड. निवडचाचणीत हेच अंतर पळतात. २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ते ४.२१ सेकंदांत पळून विक्रम केला. पण आठवड्यातून एकदाच वेळ मोज, बाकीचे दिवस वळणाला दे. दहा मीटरवर खूण कर, पूर्ण वेगात ये, शेवटच्या दोन पावलांत कंबर खाली घे, छाती गुडघ्यांवर ठेव, बाहेरचा पाय रोव आणि वळ. वळताना मान आधी फिरव, म्हणजे चेंडू लवकर दिसतो. प्रत्येक बाजूला सहा वेळा, मधे मिनिटभर विश्रांती. दमल्यावर वळणं नकोत. पाय आत कोसळतो आणि गुडघ्याचं लिगामेंट जातं. कोरड्या मुरमावर तर मुळीच नको, खडीवरून पाय सरकतो. हिरवळीचा पट्टा शोध.

प्रश्न : चेंडू बोटांवर आदळतो, बोटं सुजतात. झेल नीट कसा घ्यायचा? – एक वाचक, तासगाव

उत्तर : हा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, २८ सेंटिमीटर लांब, ४०० ते ४२५ ग्रॅम वजनाचा. बोटं ताठ ठेवली की टोक सरळ बोटाच्या शेंड्यावर बसतं. छातीच्या वर आलेल्या चेंडूला दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जुळवून पतंगासारखा आकार करायचा. कमरेखाली आलेल्याला करंगळ्या जुळवायच्या. कोपरं वाकलेली हवीत, म्हणजे चेंडूबरोबर हात थोडा मागे येतो आणि मार जिरतो. छातीवर चेंडू घ्यायची सवय मोडा, तो उसळून जातो. पाच मीटरवरून हलके झेल, रोज पन्नास. आठवड्याने अंतर वाढवा.

सुटलेल्या झेलांपैकी बरेचसे शेवटच्या मीटरभरात डोळे पुढे पळाल्यामुळे सुटतात. चेंडू काखेत दाबेपर्यंत नजर त्यावरच हवी : एक टोक बोटांत, दुसरं कोपराच्या खोबणीत, मधला भाग बरगड्यांना चिकटलेला.

बोट लचकलं तर ते ओढून ‘बसवू’ नका. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, मग ते शेजारच्या बोटासोबत पट्टीने बांधा. बोटाचं टोक खाली लोंबलं आणि स्वतःहून सरळ होईना, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. त्यात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटलेली असू शकते. सहा ते आठ आठवडे ताठ पट्टी (स्प्लिंट) लावून टोक सतत सरळ ठेवावं लागतं.

प्रश्न : हा व्यवसाय किती वर्षं टिकतो? – एक पालक, सातारा

उत्तर : जेरी राइस २० हंगाम खेळला, १,५४९ झेल घेतले, पण तो अपवादच. कॅल्विन जॉन्सनने २०१२ मध्ये एका हंगामात झेलांवर १,९६४ यार्ड अंतर मिळवलं आणि तिशीतच शरीर थकलं म्हणून खेळ सोडला. मांडीमागचे स्नायू, घोटा, डोक्याला बसणारे हादरे हे नेहमीचे शत्रू. ड्राफ्ट झालेल्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो, पण संघ त्याला मधेच सोडू शकतो. ५३ जणांच्या संघात रिसीव्हर साधारण पाच-सहा. चौथ्या-पाचव्या क्रमांकावरच्याने किकच्या वेळी पळून समोरच्याला पाडण्याचं कामही नेटाने केलं, तरच जागा टिकते. पेन्शनचा हक्क तीन मान्य हंगाम झाल्यावर मिळतो, म्हणून तिसरं वर्ष गाठणं अनेकांना पहिल्या टचडाउनइतकंच, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्याइतकंच, मोलाचं असतं.