शरीर आणि भावना यांच्याविना नुसत्या मेंदूत जाणीव निर्माण होऊ शकते का?

माझ्या मते नाही, निदान आपल्याला परिचित असलेली जाणीव तरी नाही. हृदयाचे ठोके, श्वास, आतड्यांवरील ताण, रक्तातील साखर यांविषयीचे संदेश व्हेगस मज्जातंतू (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारा मज्जातंतू), मेरुरज्जू आणि काही अंशी थेट रक्तावाटे मस्तिष्कस्तंभात (मेंदू आणि मेरुरज्जू यांना जोडणाऱ्या भागात) पोहोचतात, तेथून मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि इन्सुला या भागांकडे जातात, आणि शरीराच्या या सतत बदलत्या स्थितीचा जो अनुभव येतो त्यालाच आपण भूक, धाप, अस्वस्थता किंवा हायसे वाटणे म्हणतो. मेंदूशास्त्रज्ञ अंतोनियो दामासिओ यांच्या मते ‘हे मला होत आहे’ ही स्वत्वाची जाणीव याच पायावर उभी राहते.

रुग्णांवरील निरीक्षणे येथे बोलकी आहेत. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात मागील बाजूस, जेथे शरीराचे हे संदेश एकत्र येतात, मोठी इजा झाल्यास रुग्ण बहुधा कोमात जातो. तीच इजा पुढील बाजूस झाली, तर हातपाय आणि वाचा जाऊनही तो पूर्ण शुद्धीवर राहू शकतो आणि डोळ्यांच्या हालचालींतून उत्तरे देऊ शकतो. याउलट, मेंदूतील बहुसंख्य चेतापेशी ज्यात असतात त्या अनुमस्तिष्काला (मेंदूच्या मागे, खाली असलेल्या लहान मेंदूला) इजा झाली तरी जाणीव टिकते. म्हणजे पेशींची निव्वळ संख्या निर्णायक नाही (संगणकाच्या जाणिवेविषयी बोलताना हे सहसा विसरले जाते).

मात्र संदेशांचे ‘वाटणे’ का होते, हा तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1995 मध्ये ‘अवघड प्रश्न’ म्हणून मांडलेला मुद्दा यातून सुटत नाही. दामासिओंचे विवेचन मला दिशा देणारे वाटते, पुरेसे नव्हे.