आवडत्या जुन्या चित्रपटाची डीव्हीडी घरात असताना नवी ब्ल्यू-रे पुन्हा विकत घ्यावी का?

घ्या. मात्र वेष्टनावर ‘४के रिस्टोरेशन’ (म्हणजे जुनी फिल्म दुरुस्त करून बारीक तपशिलात काढलेली नवी प्रत) छापलंय एवढ्यावरून घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की डीव्हीडी अजून नीट चालते, चित्रपट जवळपास पाठ आहे, मग त्याच चित्रपटासाठी दुसऱ्यांदा पैसे घालवायचे का. त्यातलं ‘त्याच चित्रपटासाठी’ मला लागलं, म्हणून लिहायला बसले. माझा दादा मला वर्षानुवर्षं हेच ऐकवत आलाय. गोष्ट तीच, माणसं तीच, शेवट तोच, मग नवीन बघणार काय?

आम्हा दोघांचा एक जीव की प्राण चित्रपट आहे. कृष्णधवल, कौटुंबिक. नाव देत नाही, कारण पुढे त्यातलं सगळंच फुटणार आहे. त्यात वडील वकिलाला घरी बोलावून मृत्युपत्र बदलतात आणि थोरल्या मुलाला बेदखल करतात. धाकट्या बहिणीला हे आधीपासून ठाऊक होतं का, यावर दादाचं आणि माझं कधीच जमलं नाही. दादाच्या मते ती भाबडी, तिला इतरांसारखंच शेवटी कळतं. माझं म्हणणं, तिला पहिल्यापासून माहीत आहे आणि ती जाणूनबुजून गप्प राहिली आहे. शेवटच्या प्रसंगात सगळे हादरतात, ती हादरत नाही. सहीचा कागद पुढे येण्याआधीच ती पेनाचं टोपण काढते. दादा म्हणायचा, तो नटीचा गाफीलपणा आहे, तुला चित्रपटात नसलेलं दिसतं. हे तो चारचौघांतही म्हणायचा आणि लोक हसायचे.

आमची डीव्हीडी ४:३ मापाची होती आणि चित्रपट सिनेमास्कोप, २.३५:१, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३५ पट. जुन्या टीव्हीचा चौकोनी पडदा वरपासून खालपर्यंत भरावा म्हणून अशा चित्रपटांच्या बाजू कापत आणि जो बोलतोय त्याच्याकडे चौकट सरकवत. हिशेब केलात तर रुंदीतला जवळपास ४३ टक्के भाग जातो. इतकं गेल्यावर त्याला तोच चित्रपट कसं म्हणायचं?

पुढे मूळ निगेटिव्हवरून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्मवरून, नवं स्कॅनिंग करून पूर्ण रुंदीची डिस्क निघाली. दादाने नाक मुरडलं, मी घेतली. मृत्युपत्राचा प्रसंग आला. डीव्हीडीवर तिथे आधी वडील, मग वकील, मग पुन्हा वडील असं आलटूनपालटून दिसायचं. मुळात तो एकच सलग शॉट आहे! डावीकडे वडील, मध्ये वकील आणि उजव्या टोकाला अर्धवट उघड्या दारात बहीण. शॉट सुरू होतो तेव्हापासून ती तिथे उभी आहे. वडील थोरल्याचं नाव खोडायला सांगतात, तशी ती दारावरचा हात हळूच काढून घेते आणि मागे सरते. दिग्दर्शकाने तिला तिथे उभं केलं होतं, छायालेखकाने तिच्यावर उजेड घेतला होता, नटीने तो हात विचार करून काढला होता. टीव्हीच्या मापासाठी कुणीतरी तिला उडवून टाकलं आणि आमच्या घरात तिच्या कामाला गाफीलपणा म्हटलं गेलं. माझं खरं ठरलं याचा आनंद झालाच, पण त्या नटीवर झालेला अन्याय मला जास्त बोचला. फोनवर दादाला सांगितलं तर म्हणाला, ‘‘एक बाई दारात दिसली म्हणून एवढे पैसे?’’ हो, त्याचसाठी.

आता तुमच्या डिस्कबद्दल. स्कॅनिंग कशावरून झालंय ते आधी शोधा. डीव्हीडीच्या ७२०×५७६ च्या तुलनेत ब्ल्यू-रेच्या १९२०×१०८० मध्ये पाचपट बिंदू असतात हे खरं, पण टीव्हीच्या जमान्यात केलेली जुनी प्रतच त्यावर ओतली असेल तर त्या पाचपटीला अर्थ नाही. मूळ निगेटिव्ह वापरली असेल तर घ्या. ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या. इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ फिल्मवर हातांनी काम करून जितकं वाचवता आलं तितकं वाचवलं, बाकीचं दुसऱ्या प्रतींवरून घेतलं आणि २०१५ मध्ये तो चित्रपट नव्याने लोकांसमोर आला. अशा कामासाठी पुन्हा पैसे मोजायला मी कधीही तयार आहे.

ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, पुसून टाकलेली डिस्क अजिबात घेऊ नका. फिल्मवरचं चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. ते घाण समजून घासून काढले की कातडीचा पोत, कापडाची वीण सगळं जातं आणि माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसतात. लोक त्याला ‘काय स्वच्छ प्रिंट आहे’ म्हणतात. (दादाही म्हणतो.)

रंगांचंही बघा. ‘द फ्रेंच कनेक्शन’ या जुन्या हॉलिवूडपटाची ब्ल्यू-रे २००९ मध्ये आली तेव्हा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी स्वतःच रंग बदलले होते आणि छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. २०१२ मध्ये रंग दुरुस्त करून डिस्क पुन्हा काढावी लागली. म्हणजे दिग्दर्शकाची मान्यता आहे म्हणून डोळे मिटून विकत घ्यावं असंही नाही. निघाल्या निघाल्या घेण्यापेक्षा थोडं थांबा, लोकांनी टाकलेल्या तुलनेच्या फ्रेम बघा.

‘ऑनलाइन आहे की’ असं तुम्हाला कुणीतरी म्हणेलच. ‘द फ्रेंच कनेक्शन’मधलाच काही भाग २०२३ मध्ये स्ट्रीमिंगच्या प्रतीतून प्रेक्षकांना न सांगता काढला गेला होता. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांची प्रत जशीच्या तशी राहिली. दादाला हे मी सांगितलंय. त्याच्याकडे यावर उत्तर नाही.

काही गोष्टी राहिल्या. तुमचा टीव्ही लहान असेल आणि तुम्ही लांब बसत असाल तर बारकाव्यातला फरक फारसा जाणवणार नाही. चौकट कापलेली असेल तर तो फरक मात्र कुठूनही दिसेल. डीव्हीडी आधीच पूर्ण रुंदीची असेल आणि नवी डिस्क जुन्याच प्रतीवरून काढली असेल तर पैसे वाचवा. ब्ल्यू-रेला ए, बी, सी असे रीजन, म्हणजे जगाचे पाडलेले विभाग, असतात, तुमचा प्लेअर कुठला घेतो ते बघून घ्या. आणि जुनी डिस्क कुणाला देऊन टाकू नका. नव्या डिस्कवर मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनी असेलच असं नाही. कधीकधी नुसतं ५.१, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरसाठीचं, मिश्रण असतं आणि त्यात पावलांचे, दारांचे आवाज नव्याने भरलेले असतात.

दादाने तो प्रसंग पूर्ण रुंदीत अजून पाहिलेला नाही. न बघता ‘ती भाबडीच’ म्हणत राहायचं, हे मला मान्य नाही. हे उत्तर त्यालाही पाठवते आहे.