पश्चिममुखी प्लॉट आणि सोलापूरचे ऊन

जुळे सोलापुरातील 30 बाय 50 फुटांचा, पश्चिमेला रस्ता असलेला प्लॉट दिशेसाठी सोडावा का, आणि घेतल्यास मोठी बेडरूम नैर्ऋत्येला ठेवावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते प्लॉट जरूर घ्यावा. बेडरूम मात्र तिथे ठेवू नये.

रुंदी कमी आणि खोली जास्त असल्यामुळे घराच्या लांब भिंती आपोआप उत्तर-दक्षिणेला येतात, आणि दोन्ही शेजाऱ्यांची घरे उभी राहिली की त्या बऱ्याच अंशी सावलीतही जातात. कायम तापत राहणार ती दर्शनी भिंत आणि वरचा स्लॅब.

मी स्वतः ही चूक करून बसलो आहे. नैर्ऋत्येची खोली घरच्या कर्त्याची, म्हणून आमचा पलंग तिथे आला, उशाशी पश्चिमेची नऊ इंची भिंत. मे महिन्यात रात्री दहाला त्या भिंतीला हात लावला, तर चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्याची आठवण व्हावी. पलंग हातभर पुढे ओढला, खिडकीला ओली चादर लावली, आणि शेवटी अंथरुणे हॉलमध्ये आणली.

तेव्हा नैर्ऋत्येला जिना घ्यावा. वास्तू पाहणाऱ्यांचीही त्याला सहसा हरकत नसते. त्याच्या शेजारी पोर्च व ओसरी, मध्ये हॉल आणि झोपण्याच्या खोल्या मागे पूर्वेकडे असाव्यात. स्वयंपाकघर आग्नेयेला ठेवण्याची रीत इथे सोयीचीच आहे, कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे फोडणीचा ठसका घरभर न फिरता मागच्या मागे निघून जातो.

खिडक्यांबाबत एक गोष्ट प्लॅन काढणारेही विसरतात. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून छज्जा उत्तरेलाही हवा. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर लेंटललगत दोन फुटांचा छज्जा घेतला, तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी ऊन आत येत नाही आणि डिसेंबरात मात्र खिडकीच्या खालच्या भागातून हवेसे ऊन मिळते. पश्चिमेला हा हिशेब चालत नाही, कारण पाच वाजताचे ऊन छज्ज्याच्या खालूनच शिरते. तिथे खिडकी लहानच ठेवावी आणि पुढे ओसरीची जाळी घ्यावी.

जुन्या माळवदांवर मातीचा जाडजूड थर असे, म्हणून ती घरे दुपारी गार राहत. पाच इंची स्लॅबकडून ती अपेक्षा नको. त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत, निदान दर फाल्गुनात चुन्याचा हात द्यावा.

काळी माती लागली तर पाया मुरुमापर्यंत नेण्यात कसूर करू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींनाही तडे देते. पाणी काही दिवसांआड येते, हे धरून हौदही पायाबरोबरच खोदून घ्यावा. माणशी रोज 135 लिटर धरले, तर पाच जणांना पाच दिवसांसाठी सुमारे 3,400 लिटर लागतात. सहा बाय सहा फूट आणि पाच फूट खोल हौदात जवळपास 5,000 लिटर मावतात. आम्ही तो मागाहून केला, तेव्हा ओसरीची नवी कोरी शहाबादी फरशी फोडावी लागली.