फोटोंचा मेटाडेटा पाहून ३५ मिमीची लेन्स घ्यावी की ५०ची, हे ठरवता येतं का?

प्रश्न असा आहे: क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम, म्हणजे किट लेन्स, आणि वीसेक हजार फोटो. फाइलमध्ये नोंदलेल्या माहितीवरून, म्हणजे मेटाडेटावरून, कोणती प्राइम (झूम न होणारी लेन्स) घ्यावी हे कळेल का?

कळेल, पण फोकल लेंग्थचे (लेन्सचा तो मिमीचा आकडा; जितका मोठा तितकी चौकट अरुंद) ढीग मोजून नाही. "सगळ्यात जास्त फोटो ५५वर, म्हणजे ५० घे" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. यावर मी दर वेळी भांडतो, आजही भांडणार. किट लेन्सच्या आलेखात १८ आणि ५५ या दोन्ही टोकांना डोंगर दिसतातच. ५५ म्हणजे बऱ्याचदा झूमची रिंग अडली, एवढंच. हात अजून पुढे जायला बघत होता. उलट ३० ते ४० मधले फोटो थोडे असले तरी तिथे रिंग तुम्ही स्वतः थांबवलीत, त्यांना जास्त वजन द्या.

५५चा खरा अर्थ फोटो नंतर किती कापलात (क्रॉप केलात) त्यात सापडतो. २४ मेगापिक्सेलची फाइल साधारण ६००० पिक्सेल रुंद असते. रिसाइझ न करता एक्सपोर्ट केलेला जेपेग ४०००च भरला, तर ५५ला दीडने गुणा. तुम्हाला ८२च्या आसपासची चौकट हवी होती. असे फोटो ढिगाने निघाले तर ५० घेऊन हळहळाल.

आकडे काढायला एक्झिफटूल, म्हणजे मेटाडेटा वाचणारा प्रोग्रॅम. सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता) आउटपुट, सबफोल्डरसकट, आणि टॅग (मेटाडेटातल्या नोंदी) मोजकेच: फोकल लेंग्थ, एफ-नंबर (लेन्सचं तोंड किती उघडं), एक्सपोजर टाइम (शटर किती वेळ उघडं), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता), एक्सपोजर प्रोग्रॅम (कॅमेऱ्याचा मोड), तारीख-वेळ. फोकल लेंग्थ आणि एक्सपोजर टाइम या टॅगच्या नावाला शेवटी # जोडा. नाहीतर पहिल्यात आकड्याला मिलिमीटर चिकटून येतं आणि सरासरी निघत नाही, दुसऱ्यात १/६० सेकंदाचं एक्सेल जानेवारी १९६० करून ठेवतं.

मग साफसफाई. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही असतील तर फक्त रॉ मोजा. बर्स्टने (बटण दाबून धरून सलग) तीन सेकंदांत तीस फ्रेम पडतात, निर्णय मात्र एकच असतो. एकाच मिनिटातले सारख्या फोकल लेंग्थचे फोटो एक धरा. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (एफ-नंबर तुम्ही ठरवता त्या मोडमध्ये) शटर स्पीड कॅमेऱ्याने ठरवलेला असतो, तो तुमच्या सवयीत धरू नका. ५५वरचा एफ/५.६सुद्धा नाही, त्या लेन्सचं तोंड तिथे त्याहून उघडतच नाही.

शेवटी फोकल लेंग्थच्या प्रत्येक पट्ट्यात काढलेल्यांपैकी ठेवलेले किती टक्के, ते पाहा. ठेवलेले फोटो लाइटरूम या फोटो-एडिटरमध्ये तारे देऊन निवडले असतील, तर ते तारे त्याच्या कॅटलॉगमध्येच राहतात. मेटाडेटा फाइलमध्ये सेव्ह केल्याशिवाय एक्झिफटूलला दिसत नाहीत, आणि रॉच्या बाबतीत ते सहसा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये जातात.

एक राहिलं. प्राइम घरातल्या कमी उजेडासाठी हवी असेल, तर हा सगळा आलेख बाजूला ठेवा. आयएसओ १६०० आणि त्यावरचेच फोटो वेगळे काढा आणि ते कुठल्या फोकल लेंग्थला आहेत तेवढं बघा.