उन्हात नळ्या मांडण्याआधी

गोदावरीतली औषधं नि कीटकनाशकं उन्हाने किती तुटतात हे मोजायला निघालायस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण साध्या काचेच्या बाटल्या गच्चीवर मांडू नकोस. साधी काच साधारण ३२० नॅनोमीटरखालचे अतिनील किरण, म्हणजे नेमके कामाचे, बरेचसे अडवते. क्वार्ट्झच्या नळ्या घे. महाग पडतात, तरी घे.

प्रत्येक नळीशेजारी तशीच दुसरी नळी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेव. मी सुरुवातीला हे टाळलं आणि महिनाभराचं काम वाया गेलं. घट उन्हाने झाली की जिवाणूंनी, हेच सांगता येईना.

आता खरा मुद्दा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वतः ऊन शोषतं आणि तुटतं. पण कित्येक रेणूंना हे जमत नाही. त्यांना पाण्यातलेच सोबती तोडतात. कुजलेल्या पाचोळ्यातून आलेलं ह्यूमिक द्रव्य आणि शेतातून, सांडपाण्यातून आलेलं नायट्रेट यांच्यापासून उन्हात हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे क्षणभरच टिकणारे पण अतिशय क्रियाशील कण, तयार होतात, ती दिसेल त्या रेणूवर तुटून पडतात. म्हणून डिस्टिल्ड पाण्यातला आकडा नदीला लावू नकोस. नाशिकच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणाचं पाणी वेगळं, शहर ओलांडल्यावर तपोवनाखालचं वेगळं. शिवाय तेच ह्यूमिक द्रव्य ऊन अडवतंही, त्यामुळे पाण्याची खोली नोंदव. पावसाळ्यातला गढूळपणा आणि पाणवेलीही.

मूळ पदार्थ दिसेनासा झाला म्हणून पाणी निर्धोक झालं असं मात्र लिहू नकोस. ट्रायक्लोसान या जंतुनाशकापासून उन्हात डायऑक्सिन या विषारी संयुगांच्या गटातला एक प्रकार तयार होतो. तुटून काय उरलं, तेही मोज.