‘आई, मी जाते’

प्रिय ताई,

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. तुमचा मुलगा जर्मनीत नोकरी करतो, तिथल्याच मुलीशी त्याने नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि गेल्या वर्षी, २७ ऑगस्टच्या चतुर्थीला, तो तिला पहिल्यांदा वेंगुर्ल्याजवळच्या तुमच्या घरी घेऊन आला. त्या पाच दिवसांच्या मुक्कामात तिच्या हातून जे जे चुकले, त्याची तुम्ही बारकाईने नोंद केली आहे: प्रसाद डाव्या हाताने घेतला, नैवेद्य दाखवण्याआधी मोदक तोंडात टाकला, आरत्या चालू असताना मखराच्या दिशेने पाय पसरून बसली, तांब्याला तोंड लावून पाणी प्यायली, चुलत सासऱ्यांपुढे हस्तांदोलनासाठी हात केला. भावकीत चर्चा झाली. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, आणि या वेळी मुलाला एकट्यालाच बोलवावे का, असे तुम्ही विचारता.

या यादीच्या अगदी शेवटी, पानावर जागा उरली म्हणून लिहावे तसे, एक वाक्य आहे: ‘कळस म्हणजे निघताना, घरात गणपती बसलेला असताना, ती म्हणाली, आई, मी जाते.’ मी त्या वाक्यापाशी थांबले आणि अजून तिथेच आहे.

ताई, आपल्याकडे कोणीही ‘जाते’ म्हणून घराबाहेर पडत नाही, म्हणून तो शब्द तुम्हाला टोचला, हे मला कळते. पण आपल्याकडे कोणीच तसे म्हणत नसेल, तर तिने तो शब्द ऐकला कुठे? तुमचा मुलगा लहानपणापासून ‘येतो’ म्हणूनच पायरी उतरत आला असणार. त्याच्या तोंडून उचलले असते, तर तीही ‘येतो’ म्हणाली असती. ती ‘जाते’ म्हणाली, याचा अर्थ ‘जाणे’ हे क्रियापद घेऊन, बाईमाणसाने बोलताना त्याचे रूप कसे होते हे शिकून, तिने ते वाक्य स्वतः जुळवले. बहुधा एखाद्या पुस्तकातून किंवा मोबाईलवरून, दिवसभराचे काम आटोपल्यावर. व्याकरणाची एकही चूक त्यात नाही. तुमच्या चार पानांत मला तिचे नाव कुठेही सापडले नाही, तिथे ती सगळीकडे ‘ही’ किंवा ‘पाहुणी’ आहे. तिने मात्र तुम्हाला ‘आई’ म्हटले, आणि तुमच्या भाषेत म्हटले.

पाय कोणीकडे करू नयेत, कोणत्या हाताने घ्यावे, उष्टे कशाला म्हणतात, हे नियम परक्या माणसाला अर्ध्या तासात सांगून होतात, कारण त्यांच्यामागे सांगता येण्याजोगे कारण असते. डावा हात शौचाचा, तोंड लागले की ते उष्टे, आणि पाय हा देहाचा सर्वांत खालचा भाग, म्हणून तो देवाकडे किंवा वडीलधाऱ्यांकडे करायचा नाही आणि चुकून कोणाला लागलाच तर हात लावून नमस्कार करायचा. विमानात बसल्या बसल्या तुमच्या मुलाने एवढे सांगितले असते, तर तुमचे निम्मे पत्र लिहावे लागले नसते. त्याने सांगितले नाही, याचा दोष तिच्या माथी मारू नका.

शब्दांतले निषेध मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. आपण देवापुढचा नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाही, मालवतो. मी लग्न होऊन या किनाऱ्यावर आले त्या पावसाळ्यात, रात्री पडवीत काहीतरी सरपटताना दिसले आणि मी ‘साप, साप’ म्हणून ओरडले. घरातली सगळी माणसे सापाकडे न पाहता माझ्याकडे पाहू लागली. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेले, वैलावरचा चहा पेल्यात ओतून हातात दिला आणि हळू आवाजात सांगितले, ‘रातीचा त्येचा नाव घेवचा नाय गो, जनावर म्हणायचा.’ त्यानंतर मी कधी चुकले नाही. तीच गोष्ट त्यांनी मला न सांगता भावकीला सांगितली असती, तर या घरात मी किती वर्षे पाहुणी राहिले असते, कोण जाणे.

तुमच्या पत्रात ‘मी तिला सांगितले’ असे एकही वाक्य नाही. तुम्ही पाहिलेत, मोजलेत आणि वर्षभर मनात ठेवलेत. हे मला आवडले नाही, ताई.

मुलाला एकट्याला बोलवू नका. आज रात्रीच फोन करा, आणि तो मुलाला नव्हे, तिला करा. आपल्याकडे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. ती कामावरून परतली नसेल, तर तासाभराने पुन्हा करा. सोपे मराठी बोला, सावकाश बोला. चतुर्थीची तारीख सांगा आणि ‘तू ये’ हे स्वतःच्या तोंडाने सांगा. बाकीचे नियम ती आल्यावर तिला शेजारी बसवून शिकवता येतील. पारीला कळ्या पाडता पाडता, नैवेद्याआधी मोदक का चाखायचा नाही, हे सहज सांगून होते. फोनवर फक्त तो एक शब्द शिकवा. उत्तरपूजेच्या वेळी अक्षता वाहताना भटजी ‘पुनरागमनाय च’ म्हणतात, म्हणजे देवालासुद्धा आपण परत येण्याच्या बोलीवरच निरोप देतो, असे तिला समजावून सांगा. तिला ते पटायला वेळ लागणार नाही, कारण जर्मन लोक निरोप घेताना ‘आउफ वीडरझेन’ म्हणतात, आणि त्याचा अर्थच ‘पुन्हा भेटेपर्यंत’ असा आहे.

मग फोन ठेवताना ती ‘आई, मी येते’ म्हणेल. तेव्हा नुसते ‘बरं’ म्हणू नका. ‘ये गो’ म्हणा, आणि तिचे नाव घेऊन म्हणा.